खाल्ल्या मिठाचा न्याय

न्यायाधीश मते मागायला दारात आला आहे, हे चित्र आपल्या डोळ्यांपुढे सहजासहजी उभे राहत नाही. नगरपालिकेचा उमेदवार येतो, आमदारकीचा येतो; हात जोडतो, म्हाताऱ्यांच्या पाया पडतो, लहानग्याचा गालगुच्चा घेतो आणि आपणही हसतमुखाने त्याची बोळवण करतो. न्यायाधीश मात्र आपल्याकडे नेमलेला येतो. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत तसे नाही. तेथे वर्षानुवर्षे वकिली केलेला गावचा माणूस एके दिवशी न्यायाधीशपदाची उमेदवारी जाहीर करतो. अंगणाअंगणांत त्याच्या नावाच्या पाट्या रोवल्या जातात, चर्चच्या दारात तो लोकांचे हात हाती घेतो आणि मते पुरेशी पडली की काळा झगा चढवून न्यायासनावर बसतो. जॉन ग्रिशॅम यांची ‘द अपील’ ही २००८ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी अशाच एका वकिलाची कथा आहे.

ग्रिशॅम म्हणजे गाडीच्या प्रवासात वाचायचा लेखक, असे म्हणून आपल्याकडील रसिक त्यांना बाजूला सारतात. मला तो न्याय वाटत नाही. या लेखकाने मिसिसिपी राज्यात सुमारे दहा वर्षे वकिली केली आहे. १९८३ साली निवडून येऊन तो त्या राज्याच्या प्रतिनिधिगृहातही बसला आहे. अशिलाची बाजू मांडणे आणि मतदाराची मनधरणी करणे, ही दोन्ही कामे त्याने स्वतः केली आहेत. त्यामुळे त्याच्या पुस्तकात कचेरीची धूळ खरी असते आणि प्रचारसभेतील टाळ्याही खऱ्या असतात.

कथानक थोडक्यात असे. मिसिसिपीतील एका लहान गावाचे पाणी एका रसायनाच्या कारखान्याने नासवले आहे. घरोघर कर्करोगाने माणसे गेली आहेत. नवरा आणि मुलगा गमावलेली एक स्त्री कंपनीवर फिर्याद करते आणि ज्यूरी तिला चार कोटी दहा लाख डॉलर देवविते. कंपनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात अपील करणार, हे उघडच आहे. पण कंपनीचा मालक कार्ल त्रुदो वकिलांपेक्षा पुढचा विचार करतो. अपिलात कायदा आपल्या बाजूने वळवण्यापेक्षा न्यायाधीशच आपल्या बाजूचा निवडून आणावा, हा त्याचा हिशेब. त्यासाठी पडद्याआडची माणसे योग्य उमेदवार शोधू लागतात आणि ब्रुकहेवन या गावातील रॉन फिस्क नावाचा वकील त्यांना सापडतो.

ग्रिशॅम यांची खरी कामगिरी या फिस्कमध्ये आहे. दुसऱ्या एखाद्या लेखकाने येथे लाचखाऊ, डोळे मिचकावणारा इसम उभा केला असता. फिस्क तसा नाही. तो चांगला नवरा आहे, चांगला बाप आहे, चर्चमधला मानाचा माणूस आहे, मुलांना चेंडूफळी शिकवतो. विमा कंपन्यांची वकीलपत्रे घेत त्याची उमर गेली असल्याने नुकसानभरपाईचे मोठे आकडे ऐकून त्याच्या कपाळाला आठी पडते; पण ती आठी प्रामाणिक आहे. त्याला कोणी एक पैसा देत नाही, अमुक निकाल दे असे सांगत नाही. यामागचा खरा धनी कोण, हेही त्याला कळू दिले जात नाही. त्याला फक्त निवडून आणले जाते.

प्रचाराची प्रकरणे मला कादंबरीत सर्वांत सरस वाटली. सगळी लढाई रसायनाच्या विषापायी चाललेली आहे आणि तो विषय सभेत कोणी काढीत नाही! बोलणे चालते ते देवाधर्माचे, बंदुकांचे, कुटुंबाच्या पावित्र्याचे. विद्यमान न्यायमूर्ती शीला मॅकार्थी ही सरळ, कष्टाळू बाई. तिच्या निकालपत्रांतील निवडक ओळी उचलून तिला गुन्हेगारांची पाठराखीण ठरवले जाते. न्यायाधीशाने किती वर्षे कायदा वाचला, त्याच्या निकालांत तोल किती, हे प्रश्न पाटीवर मावत नाहीत. पाटीवर मावते ते फक्त नाव.

आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागणे हा सद्गुण मानतात. गड्याने जागावे, कारभाऱ्याने जागावे, शिपायाने तर जागावेच. पण न्यायाधीशाच्या अंगी हाच सद्गुण दुर्गुण होऊन बसतो. रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव आपण आजही घेतो ते याचसाठी. ज्या पेशवाईने त्यांना आसन दिले, तिच्याच राघोबादादांना नारायणरावांच्या १७७३ मधील खुनाबद्दल दोषी म्हणण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. फिस्कच्या ताटातले मीठ नेमके कोणाच्या घरचे, हे त्याला ठाऊक नाही. पण जेवण कोणत्या पंगतीत झाले, हे त्याला पक्के ठाऊक आहे. आणि सज्जन माणूस उपकार विसरत नाही. त्याचा सज्जनपणाच त्याच्या पायातली बेडी होतो.

निवडणुकीची ही प्रथा मूर्खपणाची म्हणून हसण्यावारी नेणेही बरोबर नाही. सर्व न्यायाधीश लोकांनी निवडावेत, असे १८३२ साली प्रथम ठरवले ते याच मिसिसिपीने. नेमणारा आपल्या सोयऱ्याधायऱ्यांना नेमतो, मग न्यायाधीश त्याचा मिंधा राहतो, ही तक्रार त्यामागे होती. नेमणाऱ्याचे मिंधेपण टाळावे म्हणून लोक निवडणुकीकडे गेले आणि निवडणुकीच्या खर्चाने दुसरे मिंधेपण आणले. हा इतिहास कादंबरीत मुरायला हवा होता. तो मुरला असता तर त्रुदो इतका कागदी खलपुरुष झाला नसता. त्याच्या संपत्तीची आणि चैनीची वर्णने वाचताना तो माणूस न वाटता व्यंगचित्र वाटतो. दोष केवळ एका दुष्ट धनिकाचा, असा समज त्यामुळे वाचकाचा होतो, आणि लेखकाने इतक्या परिश्रमाने मांडलेला मुद्दाच निसटू लागतो.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. शेवटाकडे फिस्कच्या मुलाच्या डोक्याला चेंडू लागतो. बॅट सदोष असते आणि इस्पितळाचा हलगर्जीपणा त्यात भर घालतो. आता हा बाप बदलणार, असे आपण धरून चालतो. पण तो बदलत नाही. आपले मत तो कंपनीच्याच पारड्यात टाकतो. हा शेवट गोड न करण्याबद्दल मी ग्रिशॅम यांना मानतो. मात्र तेथे पोहोचताना फिस्कच्या मनात जे घडले, ते लेखकाने घाईने उरकले आहे. थोडी तगमग दिसते आणि लगेच निकाल येतो. स्वतः कादंबऱ्या लिहीत असल्याने मला जाणवते, की त्या रात्रीची दहा पाने ही या पुस्तकाची दहा अत्यावश्यक पाने होती. ती लिहिलीच गेली नाहीत.

यापेक्षा बारकाईचे लेखन मला एका खऱ्या खटल्यात आढळले. वेस्ट व्हर्जिनियात मॅसी या कोळसा कंपनीविरुद्ध ह्यू केपर्टन यांना २००२ साली ज्यूरीने पाच कोटी डॉलर देवविले. अपील यायचे होते. २००४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयासाठी चार्ल्सटनचे वकील ब्रेंट बेंजामिन उभे राहिले. मॅसीचे प्रमुख डॉन ब्लँकनशिप यांनी त्यांच्या प्रचार समितीला फक्त १००० डॉलर दिले, कारण कायद्याची मर्यादा तेवढीच होती. बाहेरून मात्र सुमारे तीस लाख खर्चिले, तेही मुलांच्या सुरक्षिततेचे नाव घेणाऱ्या संस्थेमार्फत मुख्यतः. बेंजामिन विजयी झाले, खटल्यातून बाजूला होण्यास त्यांनी नकार दिला आणि २००७ साली तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल कंपनीच्या बाजूने लागला.

२००९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो निकाल रद्द केला. न्यायमूर्ती केनेडी यांनी बेंजामिन यांच्या सचोटीवर बोट ठेवले नाही. कोणी स्वतःच्या दाव्यात न्यायाधीश होऊ नये, तसेच आपल्या दाव्याचा न्यायाधीशही निवडू नये. मग तो निवडलेला मनुष्य कितीही सच्छील असो, असा त्यांचा आशय आहे. विरोधी मतात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी चाळीस प्रश्न विचारले: किती पैसा म्हणजे फार, कोणते उपकार मोजायचे? तेही प्रश्न पोकळ नाहीत. पुढे त्याच वर्षी बेंजामिन यांच्याविना फेरसुनावणी झाली, आणि केपर्टन पुन्हा हरलेच! या शेवटच्या वळणाला कादंबरीकाराचा हात धजावला नसता.

तेव्हा ‘द अपील’ ही थोर कादंबरी नाही. पण ती उपयोगी कादंबरी आहे. दुष्ट न्यायाधीशाची भीती सर्वांनाच असते. उपकृत सज्जनाची भीती बाळगायला तिने शिकवले. न्यायाधीश नेमलेला असो वा निवडलेला, तो कोणत्या पंगतीतून उठून आला हे विचारण्याचा हक्क नागरिकाला आहे, आणि ज्याच्यापुढे उद्या आपलाच दावा उभा राहायचा आहे त्याच्या बाबतीत तर तो बजावलाच पाहिजे.