टीसीडीचे पेपर वाचताना: खिडकी न सापडलेले पेशंट कुठे गेले?

स्ट्रोकवर सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांच्या पहिल्या पानावर एक वाक्य हमखास असतं: ट्रान्सक्रेनियल डॉप्लर, म्हणजे टीसीडी, स्वस्त आहे, खाटेपाशी करता येतं, रेडिएशन नाही. सगळं खरं. म्हणूनच पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

१९८२ मध्ये आस्लिड आणि सहकाऱ्यांनी २ मेगाहर्ट्‌झचा प्रोब कानाच्या पुढे, कवटी पातळ असते तिथे ठेवून मेंदूच्या रक्तवाहिन्यांतला वेग मोजला. त्या जागेला टेम्पोरल विंडो म्हणतात. काहींचं हाड इतकं जाड असतं की ध्वनी आत पोचतच नाही. वयस्कर बायकांत हे जास्त. पेपरमध्ये हे पेशंट ‘अपुरी विंडो’ म्हणून एका ओळीत वगळले जातात.

समजा १०० पेशंट आहेत, त्यातल्या ४० जणांची वाहिनी बंद आहे. त्या ४० पैकी ८ जणांना विंडोच नाही. उरलेल्या ३२ पैकी २९ टीसीडीने पकडले. पेपर लिहील: सेन्सिटिव्हिटी ९१ टक्के. पण वॉर्डातल्या डॉक्टरला ४० पैकी २९ सापडले, म्हणजे ७३ टक्केसुद्धा नाही. आकडे मी बनवलेत, गणित मात्र हेच.

आता सगळे उद्धृत करतात तो २००४ चा क्लॉटबस्ट घ्या. १२६ पेशंट, सगळ्यांना तीन तासांच्या आत टीपीए, निम्म्यांना वर दोन तास सतत टीसीडी. वाहिनी पूर्ण उघडणं किंवा झपाट्याने सुधारणं: ४९ विरुद्ध ३० टक्के. छान! पण तीन महिन्यांनंतरचा फरक सांख्यिकीदृष्ट्या सिद्ध झाला नाही, आणि प्रवेशालाच टीसीडीवर अडथळा दिसायला हवा होता. विंडो नसलेला माणूस आत येणारच कसा? शिवाय प्रोब अनुभवी हातात होता. त्या हाताची गरजच नको म्हणून डोक्यावर बसवायचं यंत्र आलं, क्लॉटबस्ट-ईआर. ६७६ पेशंट घेतल्यावर फायदा दिसण्याची शक्यता नाही म्हणून चाचणी थांबवली. निकाल २०१९ मध्ये आला. सिनॉप्सिसमध्ये पहिला पेपर असतो, दुसरा नसतो. माझ्याही पहिल्या मसुद्यात नव्हता.

आपल्याकडे, म्हणजे कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा कल्याणचं रुक्मिणीबाई डोळ्यांसमोर ठेवून कुणी अभ्यास आखत असेल, तर आधी लिहा: रात्री दोन वाजता प्रोब कोण धरणार? डोंबिवलीहून दोन दवाखाने फिरून साडेचार तासांनंतर पोचलेल्याला कुठल्या गटात मोजणार? आणि सीटी टळत नाही. गुठळी की रक्तस्राव, हे टीसीडीवरून ठरत नाही. तक्त्यात ‘विंडो मिळाली नाही’ हा रकाना वय आणि लिंगासकट ठेवा. गाईड म्हणतील, जागा वाया जाते. जाऊ दे.