चॅटबॉटने मत फिरतं का? एक गाजलेला पेपर वऱ्हाडातून वाचताना

पेट पास झालेल्या आणि आता विषय शोधत असलेल्या चार जणांना विचारा. त्यातल्या एकाच्या तरी डोक्यात ‘एआय आणि निवडणुका’ हा विषय असतोच. विषय चांगला आहे. पण बहुतेकांची सुरुवात एका वाक्यापासून होते: ‘चॅटबॉट मतदारांचं मत बदलू शकतो, हे सिद्ध झालेलं आहे.’ आरआरसीसमोर हे वाक्य टाकलं की पहिला प्रश्न येणार: कुठे सिद्ध झालं, कोणावर, आणि ‘बदललं’ म्हणजे नेमकं काय बदललं? या तीन प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे असावीत म्हणून आज ज्या पेपरवरून हे वाक्य आलं तोच वाचू. मी तो अमरावती-अकोल्यातून वाचतोय, कारण तुमच्यापैकी बरेच जण फील्डवर्क इथेच करणार आहात.

पेपर ‘नेचर’मध्ये डिसेंबर २०२५ मध्ये आला. पहिले लेखक हाउस लिन, सोबत गॉर्डन पेनिकूक, डेव्हिड रँड वगैरे मंडळी. त्यांनी अमेरिकेची २०२४ची अध्यक्षीय निवडणूक आणि कॅनडा व पोलंडच्या २०२५च्या निवडणुका घेतल्या. सहभागी लोकांनी आधी उमेदवारांना ० ते १०० मध्ये गुण दिले. मग प्रत्येकाला एका एआयशी गप्पा मारायला लावलं. ते एआय दोनपैकी एका उमेदवाराची बाजू मांडायला सांगितलेलं होतं आणि कोणाला कोणत्या बाजूचं एआय मिळणार हे रँडम होतं. समोर माणूस नाही हे लोकांना ठाऊक होतं. गप्पांनंतर पुन्हा गुण घेतले.

निकाल असा: हॅरिस यांची बाजू मांडणाऱ्या एआयशी बोलल्यावर ट्रम्पकडे झुकलेले मतदार १०० गुणांच्या पट्टीवर सरासरी ३.९ गुण हॅरिस यांच्याकडे सरकले. कॅनडा आणि पोलंडमध्ये विरोधी मतदार सुमारे १० गुणांनी सरकले. महिन्याहून अधिक काळानंतर पुन्हा विचारलं तेव्हा त्यातला काही भाग टिकून होता. टीव्हीवरच्या प्रचार जाहिरातींवर जे जुने अभ्यास आहेत त्यांच्या तुलनेत हे आकडे बरेच मोठे आहेत.

आधी चांगलं ते सांगतो, कारण टीका करायची म्हणजे झोडपायचं असं नाही. रँडम वाटप नीट आहे. एकाच देशावर न थांबता तीन देशांत तपासलंय. थोड्या दिवसांनी पुन्हा विचारलंय, जे आपल्याकडे प्रबंधात क्वचितच होतं. शिवाय एआयने केलेले दावे खरे की खोटे हेही तपासलंय. तिन्ही देशांत उजव्या बाजूच्या उमेदवारासाठी बोलणाऱ्या मॉडेलने जास्त चुकीचे दावे केले, हा न आवडणारा निष्कर्षही त्यांनी लपवला नाही. पद्धत शिकायची असेल तर हा पेपर दोनदा वाचा.

आता अडचणी.

पहिली: पट्टी आणि पेटी

३.९ गुण म्हणजे ३.९ टक्के मतं नव्हेत. ही चूक बातम्यांत सर्रास होते आणि तिथून ती सिनॉप्सिसमध्ये येते. एखाद्याने समोरच्या उमेदवाराला आधी १० गुण दिले आणि नंतर १४ दिले, तर मोजमापात तो सरकला. मतदान केंद्रावर मात्र तो बटण तेच दाबणार. पट्टीवर जो पन्नाशीच्या आसपास आहे त्याच्या बाबतीतच चार गुणांनी काही घडू शकतं. म्हणून कोणताही पेपर उघडला की आधी डिपेंडंट व्हेरिएबल शोधा. शीर्षकात ‘मतदार’ असतो, मोजमापात ‘गुण’ असतात.

पट्टीवर दोन उमेदवार असतील तर आणखी एक अडचण होते. अकोल्याची २०२४ची लोकसभा घ्या. अनुप धोत्रे यांना ४,५७,०३० मतं, डॉ. अभय पाटील यांना ४,१६,४०४ आणि प्रकाश आंबेडकर यांना २,७६,७४७. अशा तिरंगी लढतीत एखादा मतदार ‘अ’पासून दूर गेला म्हणजे तो ‘ब’कडे आला असं होत नाही. तो ‘क’कडे जाईल, नोटा दाबेल किंवा घरीच बसेल. दोघांच्या लढतीसाठी केलेलं मोजमाप अकोल्यात तसंच्या तसं चालत नाही.

दुसरी: बॉटशी बोलायला येतं कोण?

प्रयोगातला माणूस मोबदला घेऊन, वेळ काढून बसलेला असतो. समोरचा आपल्या विरोधात बोलतोय तरी तो गप्पा पूर्ण करतो. खऱ्या प्रचारात काय होतं? उमेदवाराच्या व्हॉट्सअॅप नंबरवर ‘नमस्कार’ कोण टाकतं? आधीच त्याच्या बाजूचा कार्यकर्ता, नाहीतर चिडलेला नागरिक, ज्याची नाली तुंबलेली आहे. मत अजून ठरलेलं नाही असा माणूस त्या लिंकवर बोट ठेवतच नाही.

एक हिशेब करून बघू. आकडे मी समजुतीसाठी धरलेत, ते कुठल्या अभ्यासातले नाहीत. एक लाख लोकांना लिंक गेली. त्यातले शंभरात तीन बोलले, म्हणजे ३,०००. त्यातले निम्मे आधीच आपले. उरले १,५००. त्यातल्या शंभरात चौघांनी खरंच मत बदललं, म्हणजे ६० मतं. २०२४ला अमरावतीत बळवंत वानखडे यांनी नवनीत राणा यांना १९,७३१ मतांनी हरवलं. झालेल्या मतदानाच्या दोन टक्क्यांपेक्षाही कमी असलेलं हे अंतर आपण ‘चुरशीचं’ म्हणतो. तिथेही ६० मतं कुठेच लागत नाहीत. पण हाच बॉट १५ जानेवारी २०२६ला झालेल्या अमरावती-अकोला महापालिकांसारख्या निवडणुकीत एखाद्या प्रभागात वापरला तर? तिथे शे-दोनशे मतांवर हारजीत होऊ शकते. म्हणजे ‘परिणाम होतो का’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणत्या निवडणुकीत, किती लोकांपर्यंत पोहोचून, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

ज्यांना पोहोचायचं ठरवलं त्या सगळ्यांवरचा सरासरी परिणाम आणि ज्यांच्याशी खरंच बोलणं झालं त्यांच्यावरचा परिणाम, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अॅलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी न्यू हेवन शहरात दारोदार प्रचाराचा प्रयोग केला. २००० साली आलेल्या त्यांच्या पेपरमध्ये हा फरक फार स्वच्छ दाखवलाय. जोश कॅला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी २०१८ला ४९ फील्ड प्रयोग एकत्र तपासले. सार्वत्रिक निवडणुकीत प्रचारसंपर्काचा मत वळवण्यावरचा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. प्रयोगशाळेतला दहाचा आकडा वाचताना हा शून्य शेजारी ठेवा.

तिसरी: भाषा

२०२४च्या लोकसभेआधी पंतप्रधानांची भाषणं एआयने भाषांतरित करून आठ भाषांत दिली गेली. त्यात मराठीही होती. पण भाषण ऐकवणं एकतर्फी असतं. चॅटबॉटला समोरच्याचं समजून घ्यावं लागतं, आणि वऱ्हाडात गाडं तिथेच अडतं. ‘कपाशी वायली’ म्हणजे वाळली. मराठीत इतरत्र ‘वायली’ म्हणजे वेगळी. ‘पानी येऊन रायलं’ म्हणजे येतंय, येऊन राहिलं नाही. शेतकऱ्याने व्हॉइस मेसेजमध्ये विचारलं, ‘सोयाबीनले भाव कवा भेटन?’ तर मशीन काय ऐकणार, आणि ऐकलं तरी पुस्तकी मराठीत ‘आपल्या प्रश्नाबद्दल धन्यवाद’ म्हणालं तर समोरचा किती वेळ बोलत बसणार? धारणी-चिखलदऱ्यात तर प्रश्न कोरकूत येईल. मेळघाट हा अमरावती लोकसभा मतदारसंघाचाच भाग आहे, हे विसरू नका. कॅनडा-पोलंडमधला परिणाम इथे तितकाच असेल असं धरायला काही आधार नाही. कमी असेल, जास्तही असेल. मोजल्याशिवाय बोलू नये.

चौथी: खरे आकडे, अर्धी गोष्ट

या पेपरचा मला सर्वात महत्त्वाचा वाटलेला भाग हा आहे. एआयने लोकांना वळवलं ते भावनिक आवाहनाने नाही. त्याने माहिती आणि पुरावे एकामागून एक मांडले. पुरावे वापरायला मनाई केली की परिणाम घसरला. त्याच सुमारास ‘सायन्स’मध्ये कोबी हॅकेनबर्ग आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. ब्रिटनमधले ७६,९७७ लोक, १९ मॉडेल, ७०७ राजकीय मुद्दे. त्यांनाही तेच दिसलं, आणि सोबत एक काळजीची गोष्ट: ज्या उपायांनी मॉडेल जास्त पटवणारं झालं, त्याच उपायांनी ते कमी अचूक झालं.

दोन्ही पेपर दावा खरा की खोटा हे तपासतात. पण प्रचारात खोटं बोलायची गरज नेहमी पडत नाही. २०२४-२५चा सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता. हे खरं. त्याच हंगामात बाजारात सोयाबीन त्याच्या खाली विकलं जात होतं. हेही खरं. एका बाजूचा बॉट पहिलं वाक्य सांगेल, दुसऱ्या बाजूचा दुसरं. फॅक्टचेकमध्ये दोघांना पैकीच्या पैकी गुण. अचूकतेचं मोजमाप अर्धसत्य पकडत नाही, आणि दोन्ही पेपरांतली ही उणीव मला सर्वात मोठी वाटते.

पाचवी: बोलणं ऐकतं कोण?

आपल्याकडे संवादातून मन वळवणं नवीन नाही. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारत आणि लोक उत्तर देत. फरक एवढाच की ते सगळं चारचौघांत होत होतं. उमेदवार सभेत काही चुकीचं बोलला तर दुसऱ्या दिवशी विरोधक तेच वाक्य धरून त्याला अडवतो. चॅटबॉट एका मोहल्ल्यात एक आणि दुसऱ्या मोहल्ल्यात दुसरं बोलला, तर ते शेजाऱ्यालाही कळत नाही. नोव्हेंबर २०२१ची अमरावती आणि मे २०२३चं अकोला ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. अकोल्यात तर ठिणगी समाजमाध्यमावरच्या मजकुराची होती. निवडणूक आयोगाने एआयने बनवलेल्या प्रचारसाहित्यावर लेबल लावायला सांगितलंय, पण त्याचा रोख मुख्यतः चित्र, आवाज आणि व्हिडिओंवर आहे. एकेकट्याशी चाललेल्या लेखी गप्पा कोण तपासणार? आणि त्या गप्पांत मतदाराने सांगितलेली आजारपणं, कर्ज, जात, नाराजी निवडणुकीनंतर कोणाच्या सर्व्हरवर राहणार?

याच तंत्राचा दुसरा वापरही आहे. जुलै २०२४ला टोकियोच्या गव्हर्नरपदाला उभे राहिलेल्या ताकाहिरो अन्नो यांनी आपला एआय अवतार यूट्यूबवर प्रश्नोत्तरांसाठी बसवला आणि लोकांच्या सूचनांवरून धोरणपत्रात बदलही केले. त्यांना दीड लाखाहून अधिक मतं पडली, ५६ उमेदवारांत ते पाचवे आले. हरले, पण प्रश्न आणि उत्तरं सगळ्यांसमोर होती. पटवणारा बॉट आणि ऐकणारा बॉट या वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या प्रबंधाच्या शीर्षकात ‘मतदारांशी संवाद’ असेल तर यातला कोणता ते पहिल्याच पानावर लिहा.

मग तुम्ही काय करायचं?

सर्वात आधी, काय करू नका ते. चालू निवडणुकीत खऱ्या मतदारांवर मत वळवणारा बॉट सोडू नका. २०१४ला अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात स्टॅनफर्ड आणि डार्टमथच्या संशोधकांनी सुमारे एक लाख मतदारांना पत्रकं पाठवली. त्यावर राज्याची मुद्रा छापलेली होती. एवढा गदारोळ झाला की दोन्ही विद्यापीठांना माफी मागावी लागली. आपल्या हिशेबातली ६० मतं आठवा. प्रभागात तेवढ्याने निकाल फिरला तर तो नगरसेवक पाच वर्षं लोकांना भोगावा लागेल, तुमच्या गाइडला नाही.

दुसरं, गूगल फॉर्मवर ‘एआयचा तुमच्या मतावर परिणाम होतो का?’ असं विचारून प्रबंध उभा राहत नाही. आपलं मत कशाने बदललं हे माणसाला स्वतःलाच नीट सांगता येत नाही. म्हणून तर रँडम वाटप लागतं.

करण्यासारखं मात्र भरपूर आहे, तेही कमी खर्चात. निवडणूक नसताना पन्नास प्रश्न गोळा करा: खारपाणपट्ट्यातल्या गोड्या पाण्याचे, संत्र्याच्या फळगळीचे, घरपट्टीचे. तेच प्रश्न प्रमाण मराठीत, वऱ्हाडीत आणि जमलं तर कोरकूत वेगवेगळ्या चॅटबॉटना विचारा. कोणत्या भाषेत उत्तर चुकतं, कुठे ते गुळमुळीत होतं आणि कुठे अर्धंच सांगतं, हे दोन स्वतंत्र तपासनीसांकडून मोजून घ्या. यात कोणाचं मत फिरत नाही, कोणाची खासगी माहिती लागत नाही, आणि नेचरवाल्यांनी जे मोजलं नाही ते तुम्ही मोजलेलं असतं. अर्धसत्य मोजायची पट्टी कोणी बनवली तर तिची गरज केवळ वऱ्हाडालाच आहे असं नाही.

मूळ पेपर उघडाल तेव्हा सारांशावर थांबू नका. पद्धतीचा भाग आणि पुरवणी वाचा, आणि दर पानावर पेन्सिलने एवढंच लिहा: कोणावर? कुठे? नेमकं काय मोजलं?