मॉर्डॉरमधले लोक खायचे काय?

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाचताना तुम्हाला हा प्रश्न कधी पडलाय? मला नव्हता पडला. किरिल येस्कोव्ह या रशियन पुराजीवशास्त्रज्ञाच्या 'द लास्ट रिंगबेअरर' (१९९९) या फॅन फिक्शनमध्ये मात्र त्याचं उत्तर आहे. सिंचनाचा अतिरेक झाला, सुपीक जमिनीचं वाळवंट झालं आणि मॉर्डॉर बाहेरच्या धान्यावर जगू लागलं. आता युद्धाकडे बघा, ते एकदम वेगळं दिसतं! इथले ऑर्क राक्षस नाहीत, साधी माणसंच आहेत. आपण वाचलेली मूळ कथा म्हणजे जेत्यांनी लिहिलेला इतिहास.

येस्कोव्ह नकाशा तोच ठेवतो, कारणं बदलतो. हे मला फार आवडलं. पण एक खटकलं. ऑर्कांना न्याय देताना तो एल्फ आणि गॅन्डाल्फ यांना खलनायक करून टाकतो. म्हणजे रंग फक्त उलटे झाले.

खरं सांगायचं तर माझ्या प्रबंधात मीही हेच करत होते. हरलेल्यांची बाजू मांडायची म्हणून त्यांचं सगळंच खरं धरत होते. ते प्रकरण आता पुन्हा लिहायला घेतलंय. तुम्ही ही कादंबरी वाचाच, पण येस्कोव्हलाही प्रश्न विचारत वाचा.