नावाचे बियाणे

‘नाव मोठे, लक्षण खोटे’ ही म्हण आपण फसव्या मालासाठी राखून ठेवली आहे. माझे गाऱ्हाणे निराळे आहे. नाव खरे असते, कष्टाने कमावलेले असते, आणि तरीही तेच गिऱ्हाइकाचे डोळे झाकते. याचा दाखला शोधायला जालन्यापासून सुरुवात करावी.

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको स्थापन केली. बियाण्यांच्या क्षेत्रातील कामाबद्दल १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, तेव्हा पहिले तिन्ही वाण महिकोचेच होते. पुढे तेच जनुक परवाना घेऊन कितीतरी कंपन्यांच्या बियाण्यांत गेले. २०१६ च्या हंगामापासून केंद्र सरकारने कमाल विक्रीदरही बांधून दिला. म्हणजे पाकिटांवरची चित्रे वेगळी. आतले बोंडअळीविरुद्धचे हत्यार बहुतेक तेच, आणि भावही तोच.

फरक उरला तो वाणाच्या स्वभावाचा. कोणता हलक्या रानात तग धरतो, कोणता भारी काळ्या जमिनीत फुलतो, कोणता लवकर वेचणीला येतो? पारख करायची ती येथेच. पण मृग जवळ आला की गर्दी होते ती नावापुढे. जालन्याशेजारच्या वऱ्हाडात, अकोल्याला, २०२४ च्या मे महिन्यात एका ठराविक वाणासाठी शेतकरी रणरणत्या उन्हात रांगा लावून उभे होते.

मी शेतकऱ्याला हसत नाही. पूर्वी तो घरची सरकी निवडून ठेवी. संकरित बियाणे दुसऱ्या वर्षी पहिल्यासारखे पिकत नाही. ते दरसाल विकतच घ्यावे लागते, आणि बंद पाकिटातला गुण कळतो तो चार-सहा महिन्यांनी. मग तो शेजाऱ्याचे रान पाहतो. शेजाऱ्यानेही आणखी कोणाचे तरी पाहिलेले असते!

२००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अनोळखी वादकांची ४८ गाणी सुमारे चौदा हजार श्रोत्यांपुढे ठेवली होती. आधीच्यांनी काय निवडले हे ज्यांना दाखवले, त्या प्रत्येक गटात निराळीच गाणी डोक्यावर घेतली गेली. अत्युत्तम सहसा बुडाले नाही, अगदी टाकाऊ सहसा तरले नाही. मधल्यांचे दैव मात्र पहिल्या काही श्रोत्यांच्या हाती राहिले.

वाचकहो, आपणही मुखपृष्ठावरची नावे वाचूनच दिवाळी अंक उचलतो. पण अंक नीरस निघाला तर एक दुपार जाते. बियाणे चुकले तर वर्ष जाते. २०१७ साली मराठवाडा-विदर्भात गुलाबी बोंडअळी पसरली, तेव्हा तिने पाकिटावरचे नाव वाचले नाही. सगळ्यांचे हत्यार एकच होते आणि ते बोथट झाले होते.

म्हणून दुकानात ‘यंदा काय चालते?’ हा प्रश्न पुरेसा नाही. ‘माझ्यासारख्या जमिनीत, माझ्याइतक्या पाण्यावर काय पिकले?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणीही देईल. दुसऱ्याचे देताना विक्रेता क्षणभर थांबेल. तो थांबला की समजावे, आता कुठे मालाची चर्चा सुरू झाली.