मास्तरांचे कोण ऐकतो?

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी गेल्या वर्षी दाखल्याची दुय्यम प्रत मागायला आला. आखातात नेणाऱ्या दलालाला वडिलांनी शेताचा तुकडा विकून पैसे दिले होते. मी त्याला पाऊण तास उपदेश केला. त्याने तो मान खाली घालून ऐकला, दाखला घेतला, पाया पडला आणि गेला. त्याच सुमारास फातू दियोम यांची 'द बेली ऑफ द अटलांटिक' ही कादंबरी हाती आली आणि तिच्यातला मास्तर पाहून मी वरमलो.

दियोम यांचा जन्म १९६८ सालचा, सेनेगलच्या न्योदियोर बेटावरचा. १९९४ मध्ये त्या फ्रान्सला गेल्या. मूळ फ्रेंच कादंबरी २००३ ची. मी ती इंग्रजीतून वाचली. निवेदिका स्ट्रासबर्गमध्ये राहते. तिचा सावत्र भाऊ मादिके बेटावर फुटबॉल खेळतो आणि इटलीच्या माल्दिनीला दैवत मानतो. २००० सालच्या युरोपीय स्पर्धेचा सामना ऐन रंगात असताना गावचा टीव्ही दगा देतो, की हा बहिणीला फोन करून निकाल विचारणार. उलट फोन तिने करायचा, पैसेही तिचेच. परदेशातल्या माणसाकडे पैशांचे झाड असते हा समज आपल्या घरांनाही अपरिचित नाही.

तो टीव्ही ज्याचा, तो पॅरिसहून परतलेला गृहस्थ. तिथे त्याने काय हाल सोसले ते तो सांगत नाही. वैभवाच्या कहाण्या मात्र सांगतो. त्याला तोंड द्यायला न्देतार नावाचे शिक्षक आहेत. कामगार चळवळीतल्या सहभागामुळे सरकारने त्यांना या बेटावर टाकलेले. तेच मुलांना फुटबॉल शिकवतात आणि मूसाची गोष्ट सांगतात.

मूसाला सोव्हर नावाच्या दलालाने फ्रान्सच्या प्रशिक्षण केंद्रात नेले. या नावाचा फ्रेंच अर्थ 'तारणहार'! मूसा तिथे टिकला नाही. मग तारणहाराने खर्चाचा हिशेब पुढे केला आणि तो फेडायला त्याला जहाजावर राबायला लावले. मार्सेयला किनाऱ्यावर उतरताच पोलिसांनी पकडून त्याची परत पाठवणी केली. गावाने रिकाम्या हाताने आलेल्या मुलाला पोटात घेतले नाही. अखेर समुद्रानेच घेतले. लेखिकेचा खरा राग दलालाइतकाच गावावर आहे आणि तिथे ही कादंबरी फार मोठी होते.

पण मुले मास्तरांचे ऐकत नाहीत. का ऐकावे? ३१ मे २००२ रोजी सेनेगलने विश्वचषकात फ्रान्सला १-० ने हरवले, तेव्हा त्या संघातले बहुतेक खेळाडू फ्रान्समधल्याच क्लबांत खेळत होते. एका मूसासमोर असे डझनभर पुरावे! आपल्या गोव्यातही डेम्पोच्या रँटी मार्टिन्सला आणि चर्चिल ब्रदर्सच्या ओडाफाला आपण डोक्यावर घेतले. हे दोघे नायजेरियाचे. जो पोहोचला नाही, त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला कोण जातो?

माझा आक्षेप शेवटाला आहे. बहीण साठवलेले पैसे पाठवते, मादिके गावात दुकान टाकतो आणि बेट सोडण्याचा नाद सोडतो. वाचून बरे वाटते. पण गावातल्या इतर मुलांना स्ट्रासबर्गची बहीण कुठे आहे? परदेशी जाऊ नये म्हणून लागणारे भांडवलही परदेशातूनच यावे, ही गाठ लेखिकेने बांधली. ती सोडवल्याचा आभास मात्र करायला नको होता.

तरीही ही कादंबरी सीमाभागातल्या वाचकाने वाचावी. घरची भाषा एक, लिहिण्याची दुसरी, आणि दोन्हीकडे थोडे परके असणे हे तिच्या निवेदिकेचे दुखणे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही.

मी मात्र एक गोष्ट तिच्यातून उचलली. त्या मुलाला मी 'जाऊ नकोस' एवढेच पाऊण तास सांगितले होते. 'इथे राहून हे कर' असे सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते, आणि 'नाहीच जमले, तर तोंड लपवू नकोस, परत ये' हे सांगायचे राहून गेले. परवा त्याच्या वडिलांकडून पत्ता मागून घेतला आहे. तेवढे एक वाक्य त्याला लिहून पाठवणार आहे.