देवलांची तार आणि खाँसाहेबांचा गळा

1910 साली कृष्णाजी बल्लाळ देवल यांचं बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. देवल सांगलीचे, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. श्रुती त्यांनी तारेच्या लांबीवर मोजल्या, आणि त्या कामात गळा होता अब्दुल करीम खाँसाहेबांचा. साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले, आणि श्रुतींची बाजापेटीही तयार झाली.

ही कल्पना जुनीच. फ्रान्समधला मेर्सेन 1636 साली तारेची लांबी, ताण आणि कंपनं यांचे नियम मांडतो. हाच माणूस 1629 मध्ये देकार्तला सर्व माणसांना कळेल अशा एका भाषेच्या योजनेबद्दल विचारतो. दोन्हींमागे श्रद्धा एकच, की निसर्ग अंकांत बोलतो आणि अंक कुठल्याही देशाचे नसतात. देवलांना हे मोहक वाटलं यात नवल नाही. आपलं गाणं शास्त्रशुद्ध आहे, हे साहेबाला त्याच्याच मापाने दाखवता येत होतं ना!

पण पद्धत तपासू या. षड्ज 240 कंपनांचा धरा. 5/4 चा गंधार 300 वर येतो, 81/64 चा 303.75 वर. छत्तीस इंची तारेवर हा फरक जेमतेम पाऊण इंचाच्या निम्मा. तार तेवढं दाखवील हो! पण गळा एका जागी उभा राहतो का? मींड, आंदोलन, राग, आदला स्वर, सगळं त्याला हलवतं. मग मोजायचं काय, स्वर की स्वराचा मुक्काम? भरताने दोन वीणा घेऊन श्रुती कानाने पडताळली, गुणोत्तर सांगितलं नाही. ते आपण त्याच्या तोंडी घातलं.

इथे मला केप्लर आठवतो. विश्वाच्या सुरावटीवर त्याचाही विश्वास होता. पण मंगळाच्या जागेत आठ कलांचा फरक दिसला, तेव्हा त्याने आवडतं वर्तुळ सोडलं. आपल्याकडे फरक दिसला की गवय्याचा सूर ढळला म्हणायचं, कोष्टक मात्र शाबूत. हे विज्ञान नव्हे, हे सोवळं झालं.

1916 च्या बडोदा परिषदेत हा वाद पेटला. भातखंडे विरोधात होते, आणि बरोबर होते. मात्र त्यांनीही बारा स्वरांची लिपी सर्वांसाठी आखलीच. 1963 मध्ये जयराजभॉय आणि स्टोन यांनी ध्वनिमुद्रणं मोजली, तर एकाच कलाकाराचा गंधारही एका जागी नव्हता.

देवलांचा एक गुण मी मानतो. त्यांनी आकडे लिहून ठेवले, म्हणून आज भांडता येतं.