ओळखीच्या शब्दांचा चकवा

प्राचीन मराठी ग्रंथ वाचताना अभ्यासक अडतो तो अनोळखी शब्दांपाशी. चुकतो मात्र ओळखीच्या शब्दांपाशी. ‘नावेक’ दिसताच तो कोश उघडतो आणि ‘क्षणभर’ हा अर्थ टिपून घेतो. ‘काज’, ‘परी’, ‘माजी’, ‘कोड’ हे शब्द घरचेच वाटतात; त्यांच्यासाठी कोशाची आठवणही होत नाही.

वस्तुतः हे केवळ ध्वनिसाम्य होय. ‘कार्य’पासून आलेले ‘काज’ म्हणजे काम. बटणाचे ‘काज’ पोर्तुगीजांकडून आले. जुनी ‘परी’ म्हणजे रीत. पंखांची परी फारसीतली. ‘मनामाजी’ यातील ‘माजी’ म्हणजे ‘मध्ये’. ‘माजी प्राचार्य’ यातील ‘माजी’ अरबी. ‘कोड’ म्हणजे हौस. त्वचाविकाराचे ‘कोड’ ‘कुष्ठ’पासून झालेले.

यांचा निवाडा कसा करावयाचा? पहिली कसोटी काळाची. ‘ज्ञानेश्वरी’ १२९० ची. पोर्तुगीज १४९८ मध्ये हिंदुस्थानात आले. तेव्हा तीत बटणाचे ‘काज’ संभवत नाही. परंतु ग्रंथ तेराव्या शतकातला असला तरी हाती असलेली पोथी पुष्कळदा बऱ्याच नंतरची असते, हे विसरता कामा नये. शिवाय दोन्ही ‘कोड’ देशीच असल्यामुळे तेथे ही कसोटी लंगडी पडते. वाक्यातील संबंधच पाहावा लागतो. तिसरा आधार जोडशब्दांचा: ‘कामकाज’, ‘परोपरी’, ‘कोडकौतुक’ यांत लुप्त अर्थ आजही जिवंत आहेत.

‘चाड’ या शब्दाची गोष्ट निराळी. पूर्वी त्याचा अर्थ इच्छा, आवड. आज पर्वा, भीड. येथे शब्द एकच असून अर्थ पालटला आहे. ध्वनिसाम्य आणि अर्थांतर यांची गल्लत करणारी टीप वाचकाला व्युत्पत्तीही चुकीची शिकवते.

नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ साली, तर तुळपुळे–फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश १९९९ साली प्रसिद्ध झाला. साधनांची उणीव आहे, असे आता म्हणता येत नाही. उणीव आहे ती संशयाची. पाठ्यपुस्तकाच्या शेवटी केवळ ‘कठीण शब्दांचे अर्थ’ देण्याची प्रथा तो संशय जागा होऊ देत नाही. सोप्या भासणाऱ्या शब्दांचीही एक यादी तेथे असावी. ती विद्यार्थ्याला अधिक उपयोगी पडेल.